समाधीवरची भेग

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, नवं धोतर नेसवून आणि डोक्याला पटका बांधून त्याला मांडी घालून भिंतीला टेकवतात. मग बांबूच्या मखरात बसवून वाजतगाजत गावातून नेतात आणि खड्ड्यातही बसलेलाच ठेवतात. जन्मापासून गळ्यात असलेलं त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. काही घरांत लिंगाची डबी काढून ठेवतात, आमच्या घरी चांदीच्या डबीसकट देतात. लिंगायताच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायची गरज नाही. पण बाकीच्यांना एवढं ठाऊक नसेल तर माझा राग कळायचा नाही, म्हणून आधी सांगून टाकलं.

मी सहा-सात वर्षांची असेन. निजामाचा अंमल होता, आमचं गाव ताडकळसच्या बाजूचं. बाप कापसाच्या गाड्या घेऊन मानवतला गेला आणि ताप घेऊन परत आला. मग तो अंथरुणावरच होता. कोणी काढे दिले, कोणी अंगारे लावले, आईनं पायाला कांदा चोळला. तो काही डोळे उघडेना. एका सकाळी मी उठून ओसरीवर आले तर माझा बाप भिंतीला टेकून ताठ बसला होता. डोक्याला पटका होता, कपाळ पांढरं स्वच्छ होतं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! इतके दिवस आडवा पडलेला माणूस उठून बसला म्हणजे बरा झाला, एवढं तर कोणत्याही लेकराला कळतं. मी धावत आईकडे गेले आणि म्हणाले, "बाबाला बरं वाटायलंय!"

आईनं मला जवळ ओढलं.

गावात मेलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं होतं. शेजारच्या पाटलांच्या घरातला म्हातारा गेला तेव्हा त्याला तिरडीवर बांधून नदीकडे नेलं होतं. मेलेलं माणूस आडवं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा बाप बसला होता. तो मेलाय हे मला कोणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं, आणि सांगितलं तर कोणीच नाही. शेताच्या कोपऱ्यात खड्डा काढला होता. त्यात त्याला बसवलं. मठाचे स्वामी पुढे आले आणि त्यांनी बापाच्या डोक्यावर पाय ठेवला. मी किंचाळले. गुरूचा पाय लागला की जीव शिवाला मिळतो म्हणून तो ठेवतात, हे पुढे मला समजलं, त्यामागची श्रद्धाही समजली, पण त्या पायाचा राग काही गेला नाही.

स्वामी आईला म्हणाले, "रडू नका. तो शिवाला मिळाला. लिंगैक्य झालेल्याला रडत नसतेत."

आई रडली नाही. सांगितलं ते ऐकणाऱ्यातली होती ती. आणि मग आठवडा उलटायच्या आत त्याच बायका, ज्यांनी तिथं मान हलवून होय होय केलं होतं, विहिरीवर एकमेकींना सांगायला लागल्या, "डोळ्याला पाण्याचा टिपूस न्हाई बगा तिच्या." रडली असती तर म्हणाल्या असत्या, धर्म कळत न्हाई. विधवा बाईनं नेमकं काय करावं हे या लोकांनी आपसात एकदा तरी ठरवायला हवं होतं. ते काही त्यांनी कधी ठरवलं नाही.

मी आईला रोज विचारायची, "बाबा कुठं हायत?"

"शेतात बसलेत," आई म्हणायची. दुसरं उत्तर शोधायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि खोटंही नव्हतं ते.

घराचा कारभार आता काकांकडे आला. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा नाक पुसत हिंडणारा पोरगा होता. आईनं त्याला न्हाऊ घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्याच्या लग्नात रात्रभर चुलीपुढे बसून पोळ्या लाटल्या. तोच आता ओसरीवर बापाच्या जागेवर बसून आईला कामं सांगू लागला. त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे सालगड्याला काढलं. कांद्याच्या वाफ्यांना पाणी देण्यासाठी मोट कोण हाकणार, असं आईनं विचारलं तर म्हणाला, "तुमी हाय की, वहिनी. दिवसभर घरात बसून मन खातंय म्हणता, जरा रमेल."

ती असं कधीच म्हणाली नव्हती.

मग माझी आई मोट हाकायला लागली. बैल मागं सरकवायचे, मोट भरली की पुढं हाकायचे, पुन्हा मागं. गडी माणसाचं काम ते. बाईनं मोट हाकलेली गावात कोणी पाहिली नव्हती, म्हणून रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एकानंही पुढं होऊन मोटेचा दोर, सोंदर, हाती धरलं नाही. मोटेच्या धावेवरून उतरली की ती म्हशीला वैरण टाकायची, ती टाकून झाली की भाकरी थापायला बसायची, आणि बसायची म्हणजे काय, उकिडवी टेकायची. काकूनं हाक मारली की तव्यावरची भाकरी तशीच सोडून उठायची. काकू अंगणात कोणाशी तरी बोलताना मोठ्यानं म्हणायची, "बसून कुणाला खायाला मिळत न्हाई आमच्या घरी." हे आईला ऐकू जावं म्हणूनच असायचं. मला मात्र ऐकताना बापच आठवायचा. तो शेतात बसला होता. आई बैलांच्या मागं पळतेय आणि हा तिथंच, पंचवीस पावलांवर, निवांत मांडी घालून बसलाय! मला त्याचा असा संताप आला, की जेवण जाईना.

उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते. ज्यानं पाहिलं नाही त्याला पटायचं नाही, पण हातभर खोल भेगा पडतात, काठी टाकली तर आत जाते. बापाच्या समाधीवर अजून ओटा बांधला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा होता. होळी झाली आणि त्या उंचवट्यावर एक लांब भेग पडली. मला ते दार उघडल्यासारखंच वाटलं.

आई मोटेवर असायची तेव्हा मी तिथं जाऊन पालथी पडायची आणि भेगेला तोंड लावून बोलायची. आधी गोड बोलले. गुळाचा खडा आत टाकला. भाकरीचा तुकडा टाकला. भेगेत पाणी ओतलं, ते गटागटा प्यायल्यासारखं आत गेलं, तेव्हा मला पुरतीच खात्री पटली. मग मी रागावले. "आई एकटी मोट हाकायलीय," मी आत ओरडले. "तुमी बसून काय करायलाव? उठा की!"

तो उठला नाही. मला वाटलं, आवाज पोचत नसेल. मी घरातून खुरपं आणलं आणि भेग मोठी करायला लागले. एक दिवस केली, दुसऱ्या दिवशी केली. माझा हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढं भोक झालं. एखादी कोंबडी त्यात बसली असती, त्याहून जास्त काही मावलं नसतं. हे मी मुद्दाम सांगतेय. खड्डा पुरुषभर उंचीहूनही खोल होता. गावातल्या प्रत्येक माणसानं तो काढताना पाहिला होता.

काकूनं ते भोक पाहिलं आणि बोंब ठोकली.

दुपारपर्यंत गावभर झालं, की समाधी उकरली. संध्याकाळपर्यंत कोणी उकरली तेही ठरलं. बापाच्या हातातली चांदीची डबी काढायला त्याच्या बायकोनंच उकरली! डोळ्याला पाणी नव्हतं तिच्या, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मोट हाकायची म्हणून दिवसभर शेतात असते, ते कशासाठी हे आता समजलं. ज्यानं तिला मोटेवर धाडलं तो काका हे सगळं ओसरीवर बसून मान खाली घालून ऐकत होता, जणू काही त्याच्यावरच आभाळ कोसळलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठापुढं माणसं जमली. स्वामी ओट्यावर घोंगडीवर बसले, पोलीस पाटील त्यांच्या शेजारी, बाकीचे कट्ट्याला, पायऱ्यांना, जिथं जागा मिळेल तिथं टेकले. आई खाली अंगणात उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. ऊन वर यायला लागलं तरी कोणी म्हटलं नाही. मी तिचं लुगडं धरून होते.

काका बोलला. आवाज अगदी हळू, दुःखी. "वहिनीवर माझा राग न्हाई. पर घराण्याची इज्जत गेली. त्यांना त्यांच्या भावाकडं पोचवतो, गाडी मीच जुपतो. पोरगी आमच्या घरची हाय, ती आमच्यात ऱ्हाईल."

म्हणजे हे होतं सगळं. आईचं माहेर गंगाखेडच्या पलीकडं, भाऊ असे की बहिणीला सणाला सुद्धा नेत नव्हते. तिकडं तिला टाकून यायचं, मी इथं काकूच्या हाताखाली, आणि बापाचं शेत अख्खं याचं. त्या वयात मला शेताचं काही कळलं नाही. आई जाणार आणि मी राहणार, एवढंच कळलं.

मी ओरडले, "म्या उकरलं! आईनं न्हाई, म्या उकरलं!"

कोणी तरी हसलं. मी सांगत राहिले. खुरप्याचं सांगितलं, गुळाचं सांगितलं, बाबाला उठवायला गेले होते हे सांगितलं. माझ्या नखांत अजून काळी माती होती, ती मी हात वर करून सगळ्यांना दाखवली. पोलीस पाटील म्हणाला, "लेकराला चांगलं पढवून आणलंय." आणि माना हलल्या.

मी आयुष्यात पुष्कळ खोटारडी माणसं पाहिली. रझाकारीच्या दिवसांत शेजाऱ्याला शेजारी विकताना पाहिला. पण त्या सकाळी खरं बोलत असलेल्या लेकराकडे बघून जी माणसं हसली, त्यांच्याइतका राग मला कोणाचाच आला नाही. त्यांना माझं खरं वाटलं नाही असं नव्हे. ते भोक त्यांनी जाऊन पाहिलं होतं! त्यातून चांदीची डबी कोणाच्या बापाला निघाली असती? त्यांना सगळं दिसत होतं. तरी एका बाईला गावाबाहेर काढायची संधी आली, तर उगाच कशाला सोडा, एवढाच विचार होता.

तेव्हा आई बोलली. ती पुरुषांपुढं कधी बोललेली मी ऐकली नव्हती. पदर पुढं ओढलेला होता, म्हणून चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.

"उकरा," ती म्हणाली.

पायऱ्यांवरची माणसं पुढं सरकली.

"सगळ्यांच्या म्होरं उकरा. कुदळ मी देते. डबी त्यांच्या हातात न्हाई निघाली तर मी आत्ताच्या आत्ता जाते, लेकराला बी टाकून जाते. आन निघाली, तर भावजीनं घर सोडायचं. बोला, भावजी."

काकानं स्वामींकडं पाहिलं. स्वामी म्हणाले, "समाधी उघडता येत न्हाई, बाई. महापाप हाय ते."

"मंग मला चोर म्हणता कसं येतंय?" आई म्हणाली.

स्वामी घोंगडीचा काठ सारखा करू लागले. मग पोलीस पाटील उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, की हे लांबवण्यात मतलब नाही, ठाण्यात कळलं तर अमीनसाहेब चौकशीला येतील, साऱ्या गावाला तरास. बाईनं घरातच ऱ्हावं, आपली चूल वेगळी मांडावी. एवढं झालं आणि लोक पांगले. आई चोर नाही असं एकानंही म्हटलं नाही. स्वामींनी सुद्धा म्हटलं नाही, ज्यांनी आपल्या डोळ्यांदेखत ती डबी त्या हातावर ठेवताना पाहिली होती आणि माझं ते भोकही पाहिलं होतं.

आई मला घेऊन घरी नाही, शेतात गेली. माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. समाधीपाशी आल्यावर तिनं मला मारलं. पाठीत, दंडावर, जिथं लागेल तिथं. तिनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, पुढंही नाही. मारता मारता ती रडायला लागली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडली, आणि अशी रडली की मी माझं रडणं विसरून तिच्याकडं बघत राहिले. मग मला पोटाशी धरलं. दोघी किती वेळ तशा मातीत होतो कोण जाणे.

नंतर तिनं नाक पुसलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "काय बोलले का गं ते?"

"न्हाई," मी म्हणाले.

"घरात बी कुठं बोलत व्हते," आई म्हणाली.

भोक बुजवायच्या आधी ती खाली वाकली आणि तिनं आत तोंड घातलं. मला वाटलं, आता काही तरी मायेचं बोलेल. ती ओरडली. "ऐकलं का? चोर म्हणले मला! तुमच्या भावानं म्हणलं! ऐकायलाव का?" मग दोन्ही हातांनी माती लोटून भोक बंद केलं.

मला आजही कोणी विचारलं, की तू समाधी उकरलीस याचं वाईट वाटतं का, तर नाही वाटत. त्या गावात माझ्या आईसाठी त्याला हाक मारणारी मी एकटीच होते.

चूल वेगळी झाली, पुढं वाटणीही झाली. काकानं चांगली, विहिरीजवळची जमीन ठेवली आणि समाधीचा कोपरा आम्हाला दिला. म्हणाला, "तिथंच तर हाय की तुमचा माणूस." समाधीपुरती काळी माती सोडली तर तो तुकडा नुसता गोट्यांचा. आई दगड वेचायची आणि बांधाला रचायची. दिवस उगवला की वाकलेली, मावळला तरी वाकलेली. निजामाचं राज्य गेलं, मिरवणूक निघाली, गावात झेंडा लागला, तेव्हाही ती तिथं जोंधळ्याचं खुरपण करत होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "तू जा, बग, आन मला सांग." त्या कोपऱ्यानं आम्हाला खायला घातलं, माझं लग्न लावलं. फुकट काही दिलं नाही, सगळं तिच्या पाठीतून काढून घेतलं.

समाधीवर ओटा तिनं कधी बांधू दिला नाही. दर उन्हाळ्यात तिथं भेग पडायची, आणि दर उन्हाळ्यात ती पावसाआधी ओढ्यातला गाळ आणून ती बुजवायची. मी एकदा म्हटलं, दगड बसवून टाकू, कटकट जाईल. ती म्हणाली, "दगड बसवला तर त्यांना ऐकू यायचं न्हाई." ती आत काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक भांडतच असावी.

ती गेली त्याआधीचे दोन दिवस मी तिच्यापाशीच होते. गावातल्या बायकांनी आंघोळ घातली, विभूती लावली. तिची पाठ वाकून वाकून इतकी वाकली होती की ताठ बसवताना माणसांना जोर लावावा लागला. मागं उशा दिल्या, तेव्हा कुठं ती भिंतीला टेकली. मी समोर बसून बघत राहिले. मांडी घातलेली, दोन्ही हात मांडीवर, हातात विळा नाही, पीठ नाही, कासरा नाही. तिला असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला बरं वाटण्याऐवजी संतापच आला, की एवढ्यासाठी हिला मरावं लागलं!

तिला त्याच कोपऱ्यात नेलं, बापाच्या शेजारी. सगळा गाव आला होता. मठापुढं जे बसले होते त्यांतले थोडे उरले होते, त्यांची मुलं होती, नातू होते. काकाचा मुलगा फावडं घेऊन तयार होता. काका स्वतः काठी टेकून उभा होता. नव्या स्वामींनी तिच्या तळहातावर लिंग ठेवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, रडू नका."

"मी रडणार," मी म्हणाले, आणि रडले. मोठ्यानं रडले. तिचं राहिलेलं सुद्धा रडून घेतलं.

काकाच्या मुलानं फावडं मातीत घातलं. "आक्का, आटपायचं का? ऊन लय व्हायलंय."

"थांब," मी त्याला म्हटलं. "आत्ताशी बसलीय ती."

त्यानं स्वामींकडं पाहिलं, स्वामींनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यानं फावडं खाली ठेवलं. शेतात टेकायला कट्टा नव्हता, पायरी नव्हती, झाडाची सावलीही नव्हती. काका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. कोणी तरी त्याला म्हणालं, जा घरी, पण माती दिल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं. मी खड्ड्याच्या काठाला बसून आईकडं बघत होते. माझं बघून होईपर्यंत मी त्या सगळ्यांना तिथं उन्हात उभं ठेवलं.